नदीकाठी तिघं होती

चित्रासमोर उभ्या राहिल्या की नलूताई दोन्ही हात पाठीमागे घेत आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून ठेवत. म्युझियममध्ये हात पाठीमागे घेऊन फिरणारी माणसं पुष्कळ असतात. स्वतःचंच मनगट असं धरून ठेवलेलं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "या हाताला खोड आहे. मोकळा सोडला की काहीतरी पुसायला जातो." मी हसलो. त्याही हसल्या. त्या हसण्यामागे काय होतं ते कळायला मला काही वर्षं लागली.

नलूताई कोलोनला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. मूळच्या गिरगावच्या. मुंबईत चित्रकला शिकून सत्तरच्या दशकात त्या जुन्या चित्रांची दुरुस्ती शिकायला जर्मनीत आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. खरं तर मावशी म्हणायचं वय, पण मावशी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मावशी म्हटलं की लोक पाय चेपायला बसतात," म्हणत. म्हणून ताई.

आमची ओळख माझ्या चुकीतून झाली. जर्मनीतला माझा पहिलाच रविवार होता. घरातल्या रिकाम्या बाटल्या गोळा करून मी कोपऱ्यावरच्या काच टाकायच्या पिंपात टाकायला गेलो. पहिली बाटली आत असा आवाज करून फुटली की माझ्या तोंडून "आयला" निघून गेलं. पाठीमागून शुद्ध मराठीत आवाज आला, "आयला नंतर. आज रविवार आहे. रविवारी इथं बाटल्या टाकत नाहीत, देव झोपलेला असतो." वळून पाहिलं तर राखाडी कोट घातलेल्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई. गाव कुठलं, विचारलं. किनवट म्हणालो. त्यांना माहीत नव्हतं. नांदेडच्या पुढे, जंगलाच्या कडेला, असं सांगितलं. "म्हणजे जंगली," म्हणाल्या आणि राहिलेल्या बाटल्यांची पिशवी माझ्या हातातून घेऊन सोमवारपर्यंत स्वतःच्या दारामागे ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'किनवटकर' झालो. माझं खरं आडनाव त्यांनी कधी वापरलं नाही.

माझे वडील किनवटच्या लाकूड डेपोत हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी मिळाली आणि कंपनीने गाड्यांच्या इंजिनांचे ओतीव भाग तपासायला इकडे पाठवलं. इंजिनात कुठे पोकळी राहिली आहे ते मला क्ष-किरणांत दिसे, पण आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, कशी करायची, पोरीला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, घालायचं तर अर्ज कधी करायचा, घरमालकाला 'नाही' कसं म्हणायचं, यातलं काही येत नव्हतं. ते सगळं नलूताईंनी शिकवलं. माझी बायको मनीषा आणि लहानगी ईरा इथे आल्या तेव्हा विमानतळावर घ्यायला त्याच माझ्याबरोबर आल्या, कारण मला परतीच्या ट्रेनचा फलाट नीट वाचता येईल याची त्यांना खात्री नव्हती. या बाईंचं ऋण मी मानतो, आणि हे लिहायला बसलो ते त्याच भावनेने.

पण मला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. त्यांनी मला चित्र बघायला शिकवलं. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी आणि काठावर एक झोपडी. वर्षानुवर्षं तेच. मी हे सांगितलं तेव्हा नलूताई खुर्चीत पुढे सरकल्या. झोपडी नक्की काढायचात का, विचारलं. मी म्हणालो, झोपडी नसेल तर गुरुजी मार्क कापायचे. त्यांना ते फार आवडलं. "तुमचे गुरुजी अमेरिकेत जन्माला यायला हवे होते," म्हणाल्या. "तिथं झोपडी काढली की मार्क कापायचे."

त्यांचा आयुष्यभराचा विषय हाच होता, आणि गंमत म्हणजे अमेरिकेत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले तरुण चित्रकार डसेलडॉर्फला चित्रकला शिकायला येत, आणि इकडचे चित्रकार तिकडचे डोंगर काढायला जात. त्यामुळे अमेरिकेच्या रानावनाची चित्रं ऱ्हाईनच्या काठाने घराघरांत पसरली होती. नलूताई ज्या कार्यशाळेत लागल्या तिथे अशीच चित्रं दुरुस्तीला येत. हळूहळू त्यांना ती डोंगररांग आमच्या माहूरच्या घाटासारखी पाठ झाली.

हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी त्या आम्हाला खाली बोलवत, पडदे ओढत आणि जुन्या प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवत. एकेक स्लाइड खटकन पडायची. आधी जुने, काळपट छापे. झाडं वाकडीतिकडी, अंगावर येणारी, मध्ये एखादा लांडगा. "तेव्हा रान म्हणजे सैतानाचं घर," त्या सांगत. मग पुढच्या शतकातली चित्रं. समोर तोडलेल्या झाडांची खोडं, कुऱ्हाड टेकवून उभा शेतकरी, मागे त्याचं घर. खोडं जितकी जास्त तितका अभिमान मोठा. मग अचानक सगळं बदललं. डोंगरांवर सोनेरी उजेड उतरला, दरी देवळाच्या गाभाऱ्यासारखी झाली, कुऱ्हाड गेली. पूर्वेकडची झाडं संपली तेव्हा शहरातल्या लोकांना पश्चिमेकडच्या रानात देव दिसायला लागला, असं त्यांचं म्हणणं. पुढे रेल्वे आली, मग राखीव प्रदेश आले, मग काळेपांढरे मोठमोठे फोटो आले आणि त्या फोटोंमध्ये चिटपाखरूही उरलं नाही. शेवटच्या काही स्लाइड अलीकडच्या. त्यांत दरी तीच, पण पुढे गाड्यांचा तळ आणि पाठमोरी उभी राहून फोटो काढणारी माणसं. एका चित्रात तर तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी एका चित्रकाराने जुनं निसर्गचित्र जसंच्या तसं काढून त्यात आपल्या लोकांना परत नेऊन बसवलं होतं. ती स्लाइड नलूताई बराच वेळ बदलत नसत.

प्रत्येक स्लाइडला त्यांचा प्रश्न एकच. "माणूस कुठं आहे?" ईरा तेव्हा पाच-सहा वर्षांची. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती पडद्याजवळ जाऊन शोधायची आणि "हिअर!" असं ओरडायची. कधी "निर्गेंड्स" म्हणायची, म्हणजे कुठेच नाही. नलूताई म्हणत, "गेनाऊ, अगदी बरोबर. मग तो गेला कुठं?" पोरीला हा खेळ वाटे. आम्हालाही वाटे.

एका उन्हाळ्यात माझी आई किनवटहून आली. तीन महिने राहिली. तिची आणि नलूताईंची गट्टी जमेल असं मला वाटलं नव्हतं, कारण आईला अंगठा टेकवण्यापुरतंच लिहिता येतं आणि नलूताई जेवतानाही चित्रांवर बोलत. एके दिवशी जेवताना त्या सांगायला लागल्या की जुन्या चित्रावरचा मळ काढायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे आपली थुंकी. काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा आणि हळूहळू फिरवायचा. कुमारी मेरीचं एक चित्र त्यांनी असंच पुसून काढलं होतं. त्यांच्या स्वतःच्या आईने हे ऐकून गिरगावातून पत्र लिहिलं होतं की दुसऱ्यांचा का होईना, पण देव उष्टा करू नकोस. मनीषाने ताटातून मान वर केली नाही. आई मात्र सहज म्हणाली, "उष्टं कसलं त्यात? पदराला थुंकी लावून लेकराचं तोंड पुसतोच की आपण."

नलूताई घास हातात धरून आईकडे बघत राहिल्या. मग उठून आल्या आणि आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवसापासून आई त्यांना 'मायबाई' म्हणायला लागली आणि ते मात्र त्यांनी चालवून घेतलं.

त्याच मुक्कामात आईने येताना आणलेली माहूरच्या रेणुकेची तसबीर बाहेर काढली. आमच्या चुलीशेजारच्या कोनाड्यात ती पिढीभर होती. धुराने देवीचा मळवटसुद्धा दिसत नव्हता. मायबाईंनी एकदा हात फिरवावा, अशी आईची इच्छा. नलूताईंनी तसबीर खिडकीशी नेली, भिंगातून पाहिली, वास घेतला. बऱ्याच वेळाने ती कपड्यात गुंडाळून आईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. तुमच्या चुलीचा धूर आहे. राहू दे." आई हिरमुसली. मला वाटलं, कागदाची चीज आहे, बिघडेल म्हणून नाही म्हणाल्या असतील. पुढे लक्षात आलं, त्या कुठल्याच वस्तूवरचं काहीच काढायला तयार नसत. मनीषाने घराच्या दारावरचं आधीच्या भाडेकरूचं स्टिकर खरवडायला घेतलं, तर त्यांनी तिचा हात धरला होता.

मग ते प्रदर्शन आलं. डसेलडॉर्फच्या एका म्युझियमने अमेरिकेच्या रानाची चित्रं मांडली होती. जुनी आणि नवी शेजारी शेजारी, काही थेट अमेरिकेतून मागवलेली. वर्तमानपत्रात बातमी आली त्याच रविवारी आम्ही चौघं ट्रेनने गेलो. नलूताईंनी निळी रेशमी साडी नेसली होती. मी त्यांना साडीत पहिल्यांदाच पाहत होतो. माहेरी निघाल्यासारख्या दिसत होत्या.

तिसऱ्या दालनात एक मोठं चित्र एकटंच एका भिंतीवर होतं. रुंद दरी, पहाटेचं धुकं, मधून नदी, मागे बर्फाचे डोंगर. डावीकडे नदीचा काठ सपाट, गवताळ, मोकळा. खूप सुंदर चित्र होतं. शेजारच्या पाटीवर जर्मन आणि इंग्रजीत लिहिलं होतं की हा चित्रकार ऱ्हाईनकाठचा, त्या काळी तिकडे जाऊन आलेला. या दरीत त्या वेळी माणसांची वस्ती होती, चित्रकाराने ती पाहिली होती, तरी त्याने तिला चित्रात जागा दिली नाही. रान रिकामं असतं ही समजूत अशा हातांनी घडवली.

ईराने सवयीने माणूस शोधला आणि "निर्गेंड्स" म्हणाली. मग मला विचारलं, एवढी नदी आहे, गवत आहे, इथे कुणी राहत कसं नाही? मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे अशी जागा असती तर कोलाम आदिवासींचं पहिलं पोड, म्हणजे वाडी, तिथेच वसलं असतं. मी नलूताईंना तसं म्हणायला वळलो, तर त्या जागेवर नव्हत्या. मागच्या बाकावर बसल्या होत्या. उजवं मनगट डाव्या हातात.

"तिघं होती," त्या म्हणाल्या.

मनीषा ईराला घेऊन पुढच्या दालनात गेली. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी चित्रावरची नजर न काढता सांगितलं, आणि एवढ्या सावकाश सांगितलं की मध्ये पहारेकरी दोनदा आमच्यासमोरून गेला.

त्या कार्यशाळेत लागून त्यांना तेव्हा दुसरंच वर्ष होतं. हे चित्र एका अमेरिकन गिऱ्हाइकाने विकत घेतलं होतं आणि पाठवण्याआधी स्वच्छ करायला दिलं होतं. तो काळ अमेरिकेत त्या रिकाम्या दऱ्यांच्या फोटोंचा. प्रत्येक बैठकीच्या खोलीत एक. गिऱ्हाइकाने चित्र पाहून विचारलं, काठावरची ही माणसं मूळची आहेत की नंतर कुणी घातली? दृश्य बिघडवतात. कार्यशाळेच्या मालकाने, त्याला सगळे मास्टर म्हणत, नलूताईंना तपासायला सांगितलं. त्यांनी सौम्य द्रावणाचा कापूस फिरवला. खालचं गवत जागचं हललं नाही, माणसं मात्र कापसावर उतरायला लागली. पुस्तकात लिहिलं होतं की जे वार्निशच्या वर आहे आणि सहज सुटतं ते नंतरचं. मास्टर म्हणाला, काढ.

"काय काय होतं?" मी विचारलं.

"एक म्हातारा बसलेला. एक बाई, पाण्याचं भांडं घेऊन ओणवी. आणि एक पोरगं, नदीत दगड मारायला हात वर केलेला. तो हात शेवटी गेला. एवढासा होता, तांदळाच्या दाण्याएवढा." मग म्हणाल्या, "मास्टरनं सांगितलं म्हणून केलं असं म्हणता आलं असतं. पण मलाही ती नकोच होती रे. ती गेली आणि दरी मोकळी झाली, तर मी लांब जाऊन बघितलं आणि मला छान वाटलं."

काही वर्षांनी त्याच चित्रकाराचं दुसरं चित्र कार्यशाळेत आलं. कोपऱ्यातली सही साफ करताना त्यांच्या कापसावर रंग उतरला. त्यांनी हात आखडता घेतला. सहीदेखील वार्निशच्या वर होती, तशीच सहज सुटणारी. तेव्हा उलगडा झाला. हा माणूस आधी दरी पूर्ण करायचा, वाळवायचा, वार्निशचा पातळ हात द्यायचा आणि अगदी शेवटी दोन गोष्टी करायचा. माणसं घालायचा आणि सही करायचा. "त्याचं नाव काही दुसऱ्यानं नंतर येऊन घातलं नसेल ना," नलूताई म्हणाल्या. मास्टरला त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, चित्र समुद्रापार गेलं, गिऱ्हाईक खूश आहे, विषय संपला. नलूताईंचा जर्मनीत राहायचा परवाना त्याच्याकडच्या नोकरीवर अवलंबून होता. त्या गप्प बसल्या आणि गप्प बसायची सवय लागली. आता चित्र परत आलं होतं, भिंतीवर लागलं होतं, आणि जे त्यांनी केलं ते पाटीवर त्या मेलेल्या चित्रकाराच्या नावावर लिहिलं होतं.

संध्याकाळच्या ट्रेनने आम्ही घरी आलो. जिन्यापाशी म्हणाल्या, "किनवटकर, एक दिवस सुट्टी घेशील? मला त्या म्युझियमच्या बाईंना भेटायचंय. तू नुसता बाजूला बस. आपल्याकडचं कुणीतरी असावं."

ती पाटी लिहिणारी क्युरेटर तिशीतली होती, हुशार आणि मनाने चांगली. तिने कॉफी दिली, पूर्ण ऐकून घेतलं, एकदा तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग तिने विचारलं की याला पुरावा काय. कार्यशाळा कधीच बंद पडली होती. मास्टर वारला होता. साफ करण्याआधीचा फोटो कुणी काढला नव्हता. मी मध्ये बोललो की चित्र क्ष-किरणांखाली, अतिनील दिव्याखाली धरलं तर त्या काठावर काही ना काही खूण दिसेल, मी रोज तेच काम करतो. ती म्हणाली, तिलाही तसंच वाटतं, पण चित्र अजून त्या अमेरिकन गिऱ्हाइकाच्या कुटुंबाचं आहे, त्यांना विचारावं लागेल. मग अडखळत म्हणाली की पाटीवरचं म्हणणं तरी खोटं ठरत नाही, कारण त्या काळच्या कितीतरी चित्रकारांनी माणसं खरोखरच गाळली होती.

नलूताईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. जर्मनमध्येच बोलल्या, अगदी हळू. "तुमचं वाक्य बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे. दुसऱ्यांनी गाळली असतील. यानं त्यांना पाहिलं आणि काढलं. पुसलं मी."

क्युरेटरने विचारून बघते म्हणून शब्द दिला आणि तो पाळला. उत्तर यायला बरेच आठवडे गेले. मालकांनी तपासणीला नकार दिला होता. चित्राला इजा झाली आहे असं ठरलं असतं तर त्याचं मोल उतरलं असतं. आणि तपासणीशिवाय पाटी बदलायला म्युझियम तयार नव्हतं. क्युरेटरने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी नलूताईंच्या स्वयंपाकघरात होतो. "जा, जा, फरश्टेहे," एवढंच त्या म्हणत राहिल्या, म्हणजे हो, हो, समजलं. फोन ठेवून त्यांनी गॅसवरच्या आमटीत मीठ घातलं. थोड्या वेळाने परत घातलं.

जेवताना म्हणाल्या, "त्या वेळच्या अमेरिकनाला माणसं नको होती, तर मी काढून दिली. आताच्यांना माणसं गाळणारा कुणीतरी हवाय, तर तोही मीच करून दिला." आमटी खारट झाली होती. आम्ही दोघांनी ती संपवली.

त्यानंतर त्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. प्रोजेक्टर बंद पडला आणि त्यांनी दुरुस्त केला नाही. ईरा स्लाइडसाठी हटून बसायची, तर तिला बिस्किटं देऊन वर पाठवत. गुडघा दुखतो म्हणून बाहेर जाणंही कमी झालं. त्याच सुमाराला मला दक्षिणेकडे नेकारसुल्म गावच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली आणि आम्ही सामान बांधायला लागलो. जायचं जवळ आलं तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आहे, डसेलडॉर्फला नेशील का? मी आणि ईरा त्यांना घेऊन गेलो.

तिसऱ्या दालनात शाळेतल्या मुलांचा एक वर्ग त्या चित्रासमोर जमिनीवर बसला होता. मांडीवर पुठ्ठे, त्यावर कागद, हातात पेन्सिली. त्यांच्या बाई विचारत होत्या, काय काय दिसतं? डोंगर, नदी, धुकं. माणसं? मुलं एका सुरात नाही म्हणाली. आणि का बरं नाहीत, बाईंनी विचारलं आणि पाटीवरचं वाचायला घेतलं.

नलूताई मागे, माझ्या शेजारी उभ्या होत्या. हात पाठीमागे, मनगट धरलेलं. मग मी पाहिलं की डावा हात सुटला. त्या मुलांच्या कडेकडेने पुढे गेल्या. चित्रासमोर जमिनीवर एक पट्टी असते, तिच्यापुढे पाऊल गेलं की यंत्र वाजतं. ते वाजलं. पहारेकरी पुढे आला. नलूताईंनी मागे न बघता उजवा हात काठाच्या दिशेने धरला, चित्रापासून वीतभर लांब, आणि मुलांना जर्मनमध्ये म्हणाल्या, "इथं एक म्हातारा बसला होता. ही बाई, पाणी भरत होती. आणि इथं एक पोरगा होता. मी पाहिलीयत."

वर्गाच्या बाई गोंधळल्या. पहारेकरी काही क्षण थांबला, मग त्यांच्या कोपराला धरून त्याने त्यांना पट्टीच्या मागे आणलं आणि यंत्र थांबलं. तो ओरडला नाही. पण मुलांनी ऐकलं होतं. कुणीतरी पेन्सिल टेकवली, मग दुसऱ्याने. ईरा त्यांच्यात जाऊन बसली आणि तिने शेजारच्या मुलीकडून कागद मागून घेतला. पोरगा काय करत होता, एकाने विचारलं.

"दगड मारत होता. पाण्यात." त्यांनी हात वर केला. उंच, कोपरातून मागे वाकवलेला, बोटं मिटलेली. त्या वयाच्या बाईला तो हात तसा धरणं सोपं नव्हतं. मुलं त्यांच्या हाताकडे बघत होती आणि कागदावर उतरवत होती. "आणखी वर काढा," त्या सांगत होत्या. "आणखी वर होता."

मग त्या वाकून एकेकाचा कागद बघत गेल्या. ईराजवळ आल्या आणि थांबल्या. ईराने तिघंही काढली होती. म्हातारा, बाई, हात उंचावलेला पोरगा. त्यांच्या पाठीमागे तिने एक झोपडी उभी केली होती आणि दाराशी कुत्रं.

"कुत्रं नव्हतं," नलूताई म्हणाल्या.

ईराने मान वर केली आणि रबर शोधायला लागली. नलूताईंनी तिच्या हातावर आपला उजवा हात ठेवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुसू नकोस."

पुढच्या आठवड्यात आम्ही नेकारसुल्मला आलो. फोनवर बोलणं व्हायचं, पण भेट झाली नाही. पानगळीच्या दिवसांत त्या गेल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. चित्र तेव्हा केव्हाच समुद्रापार, त्या कुटुंबाच्या भिंतीवर परत गेलं होतं. त्याचा काठ अजून मोकळाच असणार.